फडताळाच्या काचेवरचं साल

लतिकाच्या माहेरी ताटं भरपूर होती, पण घरच्या माणसांच्या नावाचं एकही नव्हतं. बापापुढचं ताट ‘चि. सौ. कां. सुमण हिस मामाकडून सप्रेम’ असं म्हणायचं. आईच्या तांब्यावर भलत्याच कुण्या दौलतरावांचं स्मरण होतं. लतिका स्वतः ज्या पेल्यातून दूध पिऊन मोठी झाली, त्यावर वास्तुशांतीची तारीख एकतीस फेब्रुवारी होती.

बाप श्यामकांत परतवाड्याचा भांडीवाला. आहेराची भांडी घेतली की त्यांवर नाव आणि तारीख टाकून देणं दुकानदाराकडे. त्यासाठी एक बोटभर लांबीचं यंत्र, घुर्र करून हातात थरथरणारं. लतिका बारा वर्षांची असल्यापासून ते धरायची. चूक झाली की बाप ओरडायचा नाही. गिऱ्हाइकाला नवं भांडं काढून द्यायचा, चुकलेलं घरी पाठवायचा आणि म्हणायचा, “नाव चुकलं त भांडं आपलं.” झालं, विषय संपला. रात्री त्याच भांड्यात भाजी.

त्या यंत्रानं तिच्या हाताला जे वळण लावलं ते पुढे सुटलं नाही. तारखांचे इंग्रजी आकडे तर खासच: चार फुगीर पोटाचा, सात विळ्यासारखा, डोक्यावरची रेघ जराशी चढती आणि मग खाली तिरका दांडा. कॉलेज झालं, पुण्याच्या उत्कर्षशी लग्न झालं, त्याला वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून जर्मनीत येऊन दीड वर्ष झालं, तरी विळा तसाच.

इथं स्टील कुठलं कोरायला? तिनं काच धरली. जाम-मुरंब्याच्या बरण्या, पेले, जुन्या तसबिरींच्या काचा. काम सोपं दिसतं, पण सगळा खेळ आधीच्या तयारीचा. काचेला चिकट फिल्म लावायची, तिला इथं फोली म्हणतात. त्यावर नक्षी काढायची, धारदार पात्यानं कापायची आणि जिथं काच दुधाळ करायची तिथली फोली सोलून घ्यायची. मग हातमोजे, चष्मा, बाल्कनीचं दार सताड उघडं आणि उघड्या पडलेल्या काचेवर ते आम्लाचं मलम थापायचं. पंधरा मिनिटं थांबायचं. धुतलं की नक्षी उमटते आणि उमटली की उमटलीच. स्टीलवर चुकलं तर निदान आजूबाजूला खरवडून वेळ मारून नेता येते. काच तेवढंही करू देत नाही.

खालच्या मजल्यावर फ्राउ हेटिंगर राहायच्या. हिल्डे हेटिंगर, वय पंच्याऐंशी, पाठ ताठ, आवाज खणखणीत. त्यांनी एकदा चेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. रिकामी बरणी परत करायची लतिकाला सवय नाही. तिनं तीवर चेरीची फांदी कोरली, आत चिवडा भरला आणि नेऊन दिली. चिवड्याचं काय झालं ते कळलं नाही, पण बरणी त्यांच्या खिडकीत गेली आणि तेव्हापासून जिन्यात भेट झाली की बाई थांबून बोलायला लागल्या. बोलायच्या तेही त्यांच्या गावच्या बोलीत. लतिका संध्याकाळच्या वर्गात जी जर्मन शिकत होती तिचा आणि या जर्मनचा संबंध म्हणजे पुस्तकातल्या मराठीचा आणि परतवाड्याच्या बाजाराचा. ‘इश’ म्हणजे मी, हे कळायलाच तिला महिना लागला. तोवर तिला वाटे, बाई फारच लाजतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाई स्वतः वर आल्या. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. आत काच होती, दीड हात लांब, हातभर रुंद, कडा झिजलेल्या, आत तांदळाएवढे दोन बुडबुडे.

हळूहळू, हातवारे करत त्यांनी सांगितलं ते असं. नवरा गेरहार्ड दोन वर्षांपासून फ्लेगेहाइममध्ये आहे, म्हातारी माणसं सांभाळतात तिथं. आयुष्यभर रेल्वेत होता, गाड्यांच्या वेळा लावायचा. आता माणसं ओळखत नाही. बायकोला ‘बाई’ म्हणतो. पण आकडे वाचतो. दिसेल तो आकडा मोठ्यानं वाचतो आणि कधीकधी एखाद्या आकड्यामागून एखादी आठवण बाहेर येते. मागच्या महिन्यात नर्स कॅलेंडरचं पान फाडायला विसरली. याला आजची तारीख कुठून कोण जाणे ठाऊक होती. कॅलेंडर भिंतीवरून ओढून टाकलं, तीन दिवस जेवला नाही, कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. ‘इथं सगळे खोटं लिहितात’ एवढंच म्हणायचा.

ही काच त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाची. त्यानं पन्नास वर्षं रोज सकाळी कप काढायला तेच दार उघडलं. फडताळ कीड लागून गेलं, एका दाराची काच तेवढी उरली. रविवारी त्याचा एकोणनव्वदावा वाढदिवस. त्या काचेवर चेरीचं झाड हवं, खाली दोघांची नावं आणि एक तारीख. खिडकीत उभी करायची, उजेडासमोर. “त्यानं एकदा वाचलं ना,” बाई म्हणाल्या, “तर मला परत हिल्डे म्हणेल. एकदा म्हणाला तरी पुरे.”

तारीख काय, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. तोंडी सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बाईंना ठाऊक होतं की या पोरीला आपली बोली कळत नाही. “लिहून दिलंय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे घोळ नको.”

लतिका चार दिवस त्या काचेवर होती. उत्कर्ष कंपनीच्या कामासाठी हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला गेलेला, सोमवारी येणार. घरात ती आणि सासूबाई. नंदिनीबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. पुण्याच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, पण शाळेला वाटत होतं की त्या गेल्या, त्यांना तसं वाटत नव्हतं.

“अगं, डोळे फोडून घेशील. झाड आहे ते. एखादं पान कमी झालं तर कोण मोजतंय?”

“तो बुढा मोजतो ना, आई.”

“बुढा नाही. म्हातारे गृहस्थ.”

“ते म्हातारे गृहस्थ मोजतात.”

“हं. आणि जेवायला ये, पोळ्या गार होतायत. इथल्या हवेत पोळी दोन मिनिटांत पापड होते.”

शनिवारी सकाळी दहाला तिनं मलम धुऊन काढलं, फोली सोलली आणि काच बाल्कनीच्या दाराला टेकवून उभी केली. ऊन मागून आलं. खोड, फांद्या, पानापानाची शीर, देठाला जोडलेल्या दोन-दोन चेरी. खाली तिच्या वळणाचं अक्षर: हिल्डे, गेरहार्ड, आणि त्याखाली ‘४ मे ६७’, इथल्या आकड्यांत.

नंदिनीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “छान झालंय,” त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या वहीवर ‘छान’च्या पुढे काही लिहिलं नव्हतं.

लतिका लगेच खाली सांगायला गेली. दार बंद. दारावर चिठ्ठी चिकटवलेली, पार्सल घेऊन येणाऱ्या माणसासाठी. बाहेर गेलेय, इतक्या वाजता परत. लतिकानं आकडा वाचला, सात. म्हणजे बाई संध्याकाळी येणार. ती वर आली, भांडी घासली, डोक्याला तेल लावलं.

एक वाजता दाराची बेल वाजली. दारात फ्राउ हेटिंगर, केस नुकतेच सेट करून आलेल्या, गालांवर लाली.

“तुम्ही सातला येणार होता ना?” लतिका म्हणाली.

“सातला? कोण म्हणालं?” हातातली तीच चिठ्ठी पुढे करून बाई हसल्या. “आइन्स! आइन्स!” आणि त्यांनी अंगठा वर केला. लतिकाला वाटलं, सगळं ठीक आहे म्हणतायत. मग ध्यानात आलं, इथं लोक मोजायला अंगठ्यापासून सुरुवात करतात. अंगठा म्हणजे एक.

तिनं चिठ्ठी बघितली. आकडा खालून वर चढत गेलेल्या लांब तिरक्या रेघेनं सुरू होत होता, टोकाला पोचून सरळ खाली येत होता. तिच्या डोळ्यांना तो आत्तासुद्धा सातच दिसत होता.



वर्गात सगळं छापील, फोनवर सगळं छापील. दीड वर्षात हातानं लिहिलेला जर्मन आकडा तिनं दोनदाच नीट वाचला होता. एक ही चिठ्ठी. आणि एक ती, तारखेची.

“झालं का माझं झाड?” बाई मान वाकडी करून आत बघत होत्या.

“नाही,” लतिका म्हणाली. “अजून ओलं आहे. उद्या. उद्या सकाळी.” काच कधी ओली असते का? पण बाईंना कुठं ठाऊक. त्या मान डोलावत खाली गेल्या. जाता जाता म्हणाल्या, नर्सला सांगून खिडकीची फळी रिकामी करून घेतली आहे, कुंड्यासुद्धा काढायला लावल्या.

दार लावून लतिका टेबलाकडे धावली. पहिली चिठ्ठी पुस्तकात खुणेसाठी घातलेली होती. उघडली. चार, मे, सहा आणि शेवटी तोच आकडा, तीच चढती लांब रेघ.

“व माय,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

नंदिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या. सून ‘व माय’ म्हणाली की काहीतरी खरंच बिघडलेलं असतं हे त्यांना एव्हाना ठाऊक होतं. “काय झालं?”

“सदुसष्ट नव्हतं जी. एकसष्ट होतं. मी काचावर सात काढून ठेवला. तो बुढा आकडाच वाचते, आई, बाकी काहीच नाही वाचत! आता त्याले खोटं दिसन अन् तो काच फोडन, नाही त जेवन सोडन. अन् काच त एकच हाय. दुसरी कोठून आणू मी?”

‘दिसन’ आणि ‘फोडन’ ऐकूनही नंदिनीबाईंनी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. “हा एक? याला एक म्हणतात हे लोक?” त्या रागावल्या. “आमच्या पहिलीतल्या मुलानं असा एक काढला असता तर मी पाटी पुसून परत काढायला लावला असता.”

“पाटी पुसता येते, आई.”



दुपार अशी गेली. लतिकानं आधी एका बरणीवर सात काढला, त्याच मलमानं, आणि तो घालवून बघितला. पॉलिश पेपरनं घासला. सात तसाच, वर भोवतालची काच मात्र धुरकट झाली. ओला करून घासायचा बारीक पेपर लावला, मग दंतमंजन, मग भांडी घासायची पावडर. खांद्यातून कळ यायला लागली. बरणी उजेडात धरली तर डागाच्या मधोमध सात आणखीच ठसठशीत दिसत होता.

“थांब,” नंदिनीबाई म्हणाल्या. “एवढं झाड काढलंयस ना? मग एक पान पडू दे.”

“म्हणजे?”

“साल आहे तिथं एक मोठं पान काढ. भरीव, सगळं दुधाळ. साल त्याच्याखाली जाईल. चार मे उरेल. झाडाखाली पान पडलंय, त्यात काय खोटं आहे? कुणाला कळणारही नाही. त्या म्हणतील, साल का नाही? तू म्हण, जागा पुरली नाही.”

लतिका सासूकडे बघत राहिली. शुद्धलेखनात आयुष्य काढलेली ही बाई चूक झाकायची युक्ती सांगत होती आणि युक्ती बिनतोड होती. पान बसत होतं, फांदीच्या वळणात चपखल बसत होतं. तिनं फोलीचा तुकडा काढला, सालावर चिकटवला, पान आखलं, कापलं, सोललं. आता पानाच्या आकाराच्या उघड्या काचेत सहा आणि सात असे बसले होते की जणू जाळ्यात सापडलेत. हातमोजे चढवले. मलमाचं झाकण फिरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. परतवाड्याहून बाप. दर शनिवारी दुकान बंद करता करता तो फोन करायचा.

“काय करून रायली वं?”

तिनं सांगितलं. हातमोज्यातल्या हातानं फोन धरता येईना म्हणून स्पीकरवर ठेवून सांगितलं. सगळं सांगितलं, पानासकट. नंदिनीबाई शेजारीच बसून ऐकत होत्या.

तिकडून शटर ओढल्याचा आवाज आला. मग बाप म्हणाला, “मिटत नाही काय?”

“नाही न बाबा.”

“दुसरी काच?”

“नाही.”

“मंग तं लय वाईट झालं.” मग विचारलं, “पान काढलं त त्या बाईले काय दिसन?”

“पान.”

“अन् बुढ्याले?”

“पान.”

“अन् सालाच्या जागी त्याले वाचाले काय उरलं मंग? तू त त्याचं वाचनंच घेऊन टाकलं. चुकीचं नाव परवडते, लेक. कोरं ताट म्हंजे कोनाचंच नाही.” मग आवाज बदलून, “व्याहीनबाई हायेत काय तेथी?”

“आहे, आहे मी,” नंदिनीबाई सावरून बसल्या.

“राग नका मानू जी. तुमची आयडिया भारी हाय. दुकानात कामाची होती, मले पह्यले काहून नाही भेटल्या तुमी?”

नंदिनीबाईंना हसू फुटलं, तरी त्यांनी ते आवरलं. “मग काय करायचं म्हणता?”

“गिऱ्हाइकाले आपून सांगाव. त्यानं पाहाच्या आंधी. पाह्यल्यावर सांगतलं त ते सांगनं नोय, सापडनं होय. सांगजो वं पोरी. आजच सांगजो.”

लतिकानं झाकण परत फिरवलं. पानाची फोली ओढून काढली. ६७ जसंच्या तसं.

सहा वाजता ती खाली गेली. वाक्य पाठ केलं होतं: मी एक मोठी चूक केली आहे. दार उघडंच होतं. बाई पलंगावर कपडे मांडून बसल्या होत्या, एक निळा झगा, एक राखाडी. “यातला कुठला?” त्यांनी विचारलं. “खरं सांग. त्या तारखेला मी निळा घातला होता. हा नव्हे, पण असाच.” आणि निळा झगा अंगाला लावून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. पंच्याऐंशी वर्षांची बाई, अंगाला लावलेला झगा, आणि आरशातून लतिकाकडे बघणारे डोळे.

“निळा,” लतिका म्हणाली.

तेवढंच बोलून ती वर आली. नंदिनीबाईंनी तिचा चेहरा बघितला. खिचडी केली होती, ती वाढली.

रविवारी सकाळी पावणेदहाला लतिका काच चादरीत गुंडाळून जिना उतरली. नंदिनीबाईंनी दारातून सांगितलं, “बस यायच्या आधी बोल. बसमध्ये नको. लोक असतात.”

पण बाई दारातच उभ्या होत्या, निळ्या झग्यात, हातात केकचा डबा. “चल, चल, दहा-चारची चुकली तर पुढची तासाभरानं.” काच लतिकाच्या हातात, डबा बाईंच्या. रविवारचं सामसूम गाव, बंद दुकानं. बाई तिच्या पुढे दोन पावलं. स्टॉपवर पोचेपर्यंत लतिकाला दम लागला होता.

“फ्राउ हेटिंगर, मी एक मोठी चूक केली आहे.”

“मीसुद्धा,” बाई म्हणाल्या. “केकमध्ये साखर कमी पडली. त्याला कळणार नाही.” बस आली.

बसमध्ये लतिकानं पुन्हा सुरुवात केली. तारीख, ती म्हणाली. तारखेत चूक आहे. बाईंच्या कानातलं यंत्र इंजिनाच्या आवाजात कुईकुई करत होतं. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, थोपटला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या हातानं त्या डब्याचं झाकण पुन्हापुन्हा दाबून बघत होत्या. लतिकाला एकदम कळलं की या बाईला आपल्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे.

फ्लेगेहाइमच्या दुसऱ्या मजल्यावर लांब पॅसेज, फिनाइलचा आणि कॉफीचा वास. खोलीच्या दाराशी लतिका आडवी उभी राहिली. आता नाही तर कधीच नाही.

“सदुसष्ट,” ती म्हणाली. “मी काचेवर सदुसष्ट लिहिलंय. तुमचा एक मला सात वाटला. झिबेनउंडझेख्त्सिश. फाल्श, चूक. सगळं फाल्श.”

बाईंच्या गालांवरची लाली तेवढी जागेवर राहिली, खालचा रंग गेला. त्यांनी चादरीकडे बघितलं. मग बंद दाराकडे. आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, एकसुरी, काहीतरी वाचत असल्यासारखा.

“त्याला दाखवायची नाही,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “परत ने. तुझ्या घरी ने. मी सांगते, काच फुटली.”

आणि नेमकं तेव्हा नर्सनं आतून दार उघडलं. “आलात! सकाळपासून फळी रिकामी करून ठेवलीय.” तिनं लतिकाच्या हातातून गाठोडं घेतलं, कोणी काही म्हणायच्या आत चादर सोडली आणि काच खिडकीत उभी केली.

खुर्चीत एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. शर्टाची सगळी बटणं लावलेली. उजेड काचेतून आला तशी त्यानं मान वळवली. त्याची नजर झाडावर थांबली नाही. पानं, चेरी, काही नाही. थेट खाली गेली. तो उठला, फळीशी आला आणि काचेवर बोट ठेवलं.

“हिल्डे,” त्यानं वाचलं. कुणाला हाक मारली नव्हती, फक्त वाचलं होतं. “गेरहार्ड.” बोट खाली सरकलं. “चार. मे.”

बोट सहावर आलं आणि थांबलं. मग पुढच्या आकड्यावर. चढत्या रेघेवरून वर गेलं, तिरक्या दांड्यावरून खाली आलं. परत वर. परत खाली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेजारी बाईंनी केकचा डबा पोटाशी घट्ट धरला होता, झाकण आत दबलं होतं.

“हे कुणी लिहिलं?” म्हातारा म्हणाला.

नर्सनं लतिकाकडे बघितलं.

“मी विचारतोय, हे कुणी लिहिलं?”

“मी,” लतिका म्हणाली. “मी लिहिलं. तो सात आहे. मी चुकले.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, उशिरा आलेल्या कारकुनाकडे बघावं तसं. “सात?” तो म्हणाला. “सातला पोटात आडवी रेघ असते. कुठं आहे आडवी रेघ? दाखव.”

नव्हती. परतवाड्याच्या विळ्याला पोटात रेघ कुठून असणार?

“हा एक आहे,” म्हातारा म्हणाला. “अत्यंत वाईट एक. मान वाकलेली, पाय तिरका. असा एक वेळापत्रकात लिहिलास तर लोक गाडी चुकवतील.” आणि काचेकडे वळून, बोट ठेवून, एकेक तुकडा पाडत त्यानं वाचलं, “आइन-उंड-झेख्त्सिश.” एक आणि साठ. लतिकाच्या कानाला ते सरळ मराठीतच ऐकू आलं, एकसष्ट.

तो वाचून थांबला नाही. “चार मे एकसष्ट. वीसलोख स्टेशन, फलाट दोन. मानहाइमची गाडी अकरा मिनिटं उशिरा. सिग्नल नव्हे, एक बाई दार सोडेना. टोपली अडकली होती तिची.” तो जरा हसला. “निळा झगा.”

फ्राउ हेटिंगरनी डबा टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला, तो टेबलाच्या कडेवर टेकला आणि नर्सनं झेलला. म्हातारा बाईंकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. “बाई,” तो म्हणाला, “तुमचाही झगा निळा आहे.”

हिल्डे म्हणाला नाही. बाईंनी मान हलवली, हो, निळा आहे, आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. त्यानं खुर्ची जरा सरकवून त्यांना जागा करून दिली. दोन वर्षांत नर्सनं हे बघितलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली.

लतिका दाराकडे सरकली. आपलं काम संपलं, आता निघावं.

“तू,” म्हातारा म्हणाला. “इकडे.”

त्यानं भिंतीवरचा आठवड्याच्या जेवणाचा कागद काढला, पालथा घातला. खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक बोटानं तपासलं आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक काढला. खालून वर लांब रेघ, टोकाशी कोपरा, मग सरळ, ओळंब्यासारखा सरळ खाली.

“असा. पन्नास वेळा. मी बघतोय.”

लतिकानं फ्राउ हेटिंगरकडे बघितलं. बाई डोळे पुसत हसत होत्या आणि हातानं खूण करत होत्या, बस, बस, लिही.

ती बसली. पहिला एक तिरका गेला. म्हाताऱ्यानं ‘नाइन’, म्हणजे नाही, असं म्हणत त्यावर काट मारली. दुसऱ्याची मान आखूड झाली. तोही काटला. पाचव्याला तो काही बोलला नाही. बाराव्याच्या वेळी त्यानं वाकून बघितलं, आधीच्या दोन-तीन एकांकडेही बघितलं आणि बायकोकडे वळून म्हणाला, “शिकेल. हात चांगला आहे. केक आहे का?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “साखर कमी आहे.”

“मग पोरीला आधी द्या,” तो म्हणाला. “तिचे अजून अडतीस राहिलेत.”